हर्षवर्धनदादांचं यज्ञकुंड

लॉकडाउनमध्ये कुणी पाव करायला शिकलं, कुणी गिटार. हर्षवर्धनदादा पुरातत्त्व शिकले. तेही यूट्यूबवर, दीडपट वेगानं.

मुक्तानं पुण्यात याच विषयात एम.ए. केलं होतं, उत्खननाचे दोन हंगाम उन्हात काढले होते, हे दादांना ठाऊक होतं. पण त्यांच्या लेखी त्याची किंमत मुक्ता पोहे चांगले करते याच्यापेक्षा फार जास्त नव्हती. भेटल्यावर आधी कौतुक करायचे, मग आपलं पुराण सुरू. दादा हे सारंगचे ऑफिसातले वरिष्ठ. सारंगला, म्हणजे मुक्ताच्या नवऱ्याला, पुण्याहून डब्लिनला आणलं त्यांनीच, ओंगारमधलं भाड्याचं घर शोधून दिलं त्यांनीच, आणि हे दोन्ही उपकार दर चतुर्थीला बोलून दाखवले तेही त्यांनीच. त्यामुळे दादांना द्यायची सगळी उत्तरं मुक्ता मनातच द्यायची. मनातल्या मनात तिनं त्यांना कितीदा तरी पुरलं होतं, आणि वरून मातीही दाबली होती.

त्या वर्षी मेमध्ये बांधकामं पुन्हा सुरू झाली आणि मुक्ताला काम मिळालं. मेनूथजवळ, कालव्याच्या काठी, एका शेतात घरांची वसाहत होणार होती. त्याआधी जमिनीत काही जुनं आहे का हे पाहणं कायद्यानं भाग होतं, आणि ते काम एका खासगी कंपनीनं घेतलं होतं. मुक्ताला घेतलं होतं ते चाचणीवर. हे शेत संपलं की पलीकडच्या गावात वर्षभराचं मोठं काम निघणार होतं. तिथं कुणाला न्यायचं हे ओर्ला ठरवणार होती. ओर्ला म्हणजे साइटची प्रमुख, उत्खननाचा परवाना तिच्या नावावर होता. पन्नाशीची, काटक बाई. बोलायची कमी, बघायची जास्त. मुक्ताला ते वर्षभराचं काम हवं होतं. इतकं हवं होतं, की त्याबद्दल ती घरात मोठ्यानं बोलतही नव्हती.

पहिल्याच दिवशी तिची पुणेरी ऐट उतरली होती. तिकडे उत्खनन म्हणजे गावातल्या बायामाणसांनी खणायचं, घमेली वाहायची, आणि एम.ए.वाल्यांनी छत्रीखाली उभं राहून "जरा हळू, मावशी" म्हणायचं. इथं मावशी आपणच. कुदळ आपली, फावडं आपलं, एकचाकी गाडाही आपणच ढकलायचा, आणि तो चिखलात रुतला की शिव्याही आपणच घालायच्या. मुक्ता आठवडाभर रोज रात्री पाठीला बाम लावून घेत होती. पण थापी हातात आली, की तिचं तिला बरं वाटायचं. गुडघ्यावर बसून थापीच्या धारेनं माती आपल्याकडं खरवडत मागं मागं सरकायचं. खरवडलेल्या जागेवर पाऊल टाकायचं नाही, कारण मातीचा रंग ओला असतो तेवढाच वेळ खरं सांगतो.

साइटवर फोन आणायचा नाही, असा ओर्लाचा नियम होता. फोन गाडीत. एक फोटो बाहेर गेला, की दुसऱ्या दिवशी शेतात हौशी गवसे हजर होतात, हा तिचा अनुभव. सूट एकट्या मुक्ताला होती, ती नंदिनीमुळं. नंदिनी साडेतीन वर्षांची, क्रेशमध्ये, म्हणजे पाळणाघरात जायची, आणि त्या दिवसांत क्रेशवाल्या बायका मुलांच्या नाकाकडं कस्टमवाल्यांसारख्या बघायच्या. नाक वाहिलं, की फोन. फोन आला, की तासाभरात न्यायला हजर. मुक्ता रोज सकाळी लेकीचं कपाळ दोनदा चाचपायची, कारमध्ये बसल्यावर पुन्हा एकदा.  सारंग दिवसभर घरीच, पण छोट्या खोलीत दार लावून मीटिंगमध्ये. क्रेशनं त्याला फोन केला तर तो मुक्ताला मेसेज करायचा, 'क्रेशचा फोन आहे, घे ना.' म्हणून ओर्लानं सांगितलं होतं, "तुझा फोन खिशात राहू दे. लेकीसाठी. बाकी कशासाठी नाही."

जूनमध्ये ओर्लानं मुक्ताला एक खड्डा दिला. त्याच्या बाजूला तडकलेल्या, लाल-काळ्या दगडांचा एक बसका ढीग होता. खड्डा माणूस झोपेल एवढा, लांबट. आयरिश लोक अशा जागेला फुलाख्त फिया म्हणतात. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी माणसं खड्ड्यात पाणी भरायची, विस्तवात दगड तापवून त्यात टाकायची आणि पाणी उकळायची. कशाला, यावर विद्वानांचं अजून जमत नाही. कुणी म्हणतं मांस शिजवायला, कुणी म्हणतं आंघोळीला. या देशात अशा जागा पोत्यानं आहेत. दिसायला गरीब, पण मुक्ताच्या दृष्टीनं तो खड्डा म्हणजे परीक्षाच होती.

"अर्धा खण," ओर्ला म्हणाली. "दुसरा अर्धा उभा ठेव. तळाशी कोळसा लागला तर हात लावू नकोस. आधी छेद काढ, म्हणजे उभ्या भिंतीतल्या थरांचं चित्र, मग आपण दोघी मिळून नमुना घेऊ. खड्ड्याचं वय त्या कोळशातून कळणार."

मुक्तानं मधोमध दोरी ताणली आणि दोरीच्या अलीकडचा अर्धा भाग थराथरानं रिकामा केला. पलीकडचा अर्धा तसाच ठेवला. दोरीखाली मातीची जी उभी भिंत राहिली, तिच्यात खड्ड्याची सगळी जन्मकथा पट्ट्यापट्ट्यांनी दिसत होती. वर तपकिरी माती, मध्ये फुटके दगड, आणि अगदी तळाशी, पिवळ्या चिकणमातीला चिकटून, काळ्याभोर कोळशाची बोटभर रेघ. शुक्रवारी दुपारी ऊन तिरकं पडलं आणि ती रेघ अशी चमकली, की मुक्ताला राहवलं नाही. इतक्या वर्षांनी स्वतःच्या हातानं काहीतरी नीट केलं होतं. तिनं खिशातून फोन काढला, एक फोटो काढला आणि सारंगला पाठवला. 'फक्त तुझ्यासाठी. कुणाला दाखवू नकोस.'

हे वाक्य नवऱ्याला लिहून त्यावर विश्वास ठेवणारी बाई शिकलेली असली तरी शहाणी नव्हे.

शनिवारी दादांकडं जेवण होतं, मागच्या अंगणात, नियमाप्रमाणे खुर्च्या लांब लांब मांडून. नंदिनी घसरगुंडीवर होती आणि मुक्ता तिच्या नाकावर लक्ष ठेवून. एवढ्यात सारंगचा आवाज आला, "दादा, हे बघा, मुक्ताच्या साइटवरचं."

दादांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. "सुनेत्रा! माझा चष्मा आण गं!" चष्मा आला. दादांनी तो लावला आणि खुर्चीत ताठ बसले. "मुक्ता, इकडं ये. हे काय आहे?"

"पाणी उकळायची जागा आहे, दादा. मांस शिजवत असतील, किंवा आंघोळीसाठी. नक्की माहीत नाही."

"नक्की माहीत नाही!" दादांनी सगळ्यांकडं पाहिलं. "ऐकलंत? राख आहे, भाजलेले दगड आहेत, चौकोनी खड्डा आहे, शेजारी पाणी आहे. अगं, हे यज्ञकुंड आहे! तुला आणखी काय हवंय, आतून भटजी निघायला हवेत का?"

लोक हसले. सारंग सगळ्यांत मोठ्यानं.

"चौकोनी नाहीये, लांबट आहे. फोटो तिरका आहे," मुक्ता म्हणाली.

"काळाच्या ओघात आकार बदलतो."

चौकोनी पोळपाट काळाच्या ओघात लाटणं होत नाही, हे मुक्ता मनात म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, "दादा, अशा जागा इथं हजारो सापडल्यात."

"हजारो!" दादांचे डोळे पाणावले. "म्हणजे केवढी यज्ञसंस्कृती असेल, विचार कर!"

 या माणसापुढं पुरावा ठेवणं म्हणजे गाढवापुढं गवत ठेवणं. त्याला तो खाण्यापुरताच दिसतो.

"तुम्हा डिग्रीवाल्यांचं हेच होतं," दादांनी बटाटेवडा मोडला. "ब्रिटिशांनी शिकवलं तेवढंच तुम्हाला दिसतं. परवा एका व्हिडिओत सांगितलंय, आयरिश आणि आपले ऋषी एकच. यांच्या नद्यांची नावं बघ."

"कुठली नदी, दादा?"

"ते व्हिडिओत आहे."

मुक्तानं तोंड उघडलं. शेजारच्या खुर्चीतून सारंगनं तिचा गुडघा दाबला. लग्न झाल्यापासून या गुडघ्यावर तो पियानो शिकला असता. मुक्तानं तोंड मिटलं आणि त्यात वडा घातला. सुनेत्रावहिनी हळूच म्हणाल्या, "मनावर घेऊ नकोस गं. मागच्या महिन्यात आमच्या मागच्या अंगणातही सरस्वती नदी वाहत होती. नळाचा पाइप फुटला होता."

सोमवारी नंदिनीला क्रेशमध्ये सोडून मुक्ता साइटवर पोचली तेव्हा कुणीच आलं नव्हतं. खड्ड्यावर तिनं शुक्रवारी प्लॅस्टिक अंथरून कडेनं दगड ठेवले होते. प्लॅस्टिक होतं, पण दगड होते एकीकडंच. तिनं कोपरा धरून उचललं.

कापराचा वास आला. आयर्लंडमधल्या शेतात, सकाळी, कापराचा वास.

रिकाम्या केलेल्या अर्ध्या भागाच्या तळाशी कुंकवाचं स्वस्तिक होतं. त्यावर तांदूळ, झेंडू मिळाला नसेल म्हणून सुपरमार्केटमधली गुलाबी कार्नेशन्स, आणि फोडलेल्या नारळाची एक वाटी, खोबरं वर करून. मधोमध जळलेल्या काटक्या आणि तुपाचा तवंग. तूप घातलंही सढळ हातानं होतं. तिनं दोन दिवस थापीनं कापून गुळगुळीत केलेल्या भिंतीवर त्याचे ओघळ गेले होते. आणि उदबत्त्या? उदबत्त्या त्या भिंतीतच खोचल्या होत्या. नेमक्या कोळशाच्या रेघेत, जागा मऊ लागली असेल.

दादांनी श्रद्धेनं बूट काढले होते, हे मान्य करायला हवं. ओल्या चिकणमातीत पाचही बोटं स्वच्छ उमटली होती.

मुक्तानं फोन काढला. "सारंग, काल संध्याकाळी दादा इथं आले होते?"

 "लांबून नमस्कार करणार म्हणाले गं. कालव्याच्या काठानं फिरायला जाणारच होते."

"त्यांना जागा कुणी सांगितली?"

"मी… लोकेशन पाठवलं फक्त. माझे साहेब आहेत ते, मुक्ता. नाही कसं म्हणायचं?"

"तोंडानं म्हणतात."

"बरं, किती झालंय?"

"तूप ओतलंय. होम केलाय. नवा कोळसा जुन्या कोळशावर पडलाय."

"मग ब्रशनं काढून टाक ना. वरचं वरचं. कोळसा कोळशासारखाच दिसतो, कुणाला कळणार आहे? आणि हे बघ, दादांचं नाव येता कामा नये. माझं प्रमोशन आहे या महिन्यात."

मुक्तानं फोन बंद केला. तिच्या नवऱ्यानं नकळत खरंच सांगितलं होतं, कुणालाच कळलं नसतं. कुंकू खरवडायला पाच मिनिटं. नारळ झुडपात. उदबत्त्यांची भोकं बोटानं दाबून टाकायची. ओर्ला यायला अजून वेळ होता, ती नमुना घेणार, प्रयोगशाळा तो जाळणार, आणि तीन हजार वर्षांच्या कोळशात कालचं तूप मिसळल्यावर वय येणार भलतंच. मग कुठल्यातरी अहवालात ते छापलं जाणार, पुढचा कुणी त्यावर लिहिणार, आणि दादा ते वाचून म्हणणार, बघ. तिला ते दृश्य इतकं स्पष्ट दिसलं की हातातली थापी तिनं बाजूच्या गवतात फेकून दिली, चुकूनही वापरली जाऊ नये म्हणून.

कारण सांगितलं तर काय, तेही तिला दिसत होतं. ओर्ला पहिला प्रश्न विचारणार: त्यांना कळलं कसं?

ओर्लाची गाडी फाटकात वळली. मुक्ता खड्ड्यापासून चार हात लांब, चिखलात उभी होती. तिनं मास्क वर केला, मग हातवारे करायला सोयीचं जावं म्हणून खाली केला, मग पुन्हा वर.

"कुणीतरी खड्ड्यात पूजा केलीय," ती म्हणाली. "आमच्या ओळखीचे आहेत. त्यांना वाटलं हे यज्ञकुंड आहे. मी काहीही हलवलेलं नाही."

ओर्ला काठावर उकिडवी बसली. बराच वेळ बघत राहिली. "तो नारळ आहे?"

"हो."

"आणि तो पठ्ठ्या बूट काढून आत उतरला?"

"आदरानं."

"उतरताना आमच्या छेदावर पाय देऊन उतरला. आदरानं." ओर्ला उठली. "त्याला कळलं कसं?"

आला. मुक्तानं सारंगचं नाव जिभेवर आणलं. ते तिथं चांगलं बसलं असतं, खोटंही नव्हतं. पण फोटो काढणारं बोट तिचं होतं. "शुक्रवारी मी एक फोटो काढला. नवऱ्याला पाठवला. तिथून पुढं गेला."

"लेकीसाठी दिलेल्या फोनवर."

"हो."

 ओर्ला ऑफिसच्या कंटेनरपर्यंत गेली, चहाचा कप घेऊन परत आली, अर्धा प्यायली. मुक्ताला वाटलं, आता ही म्हणेल, गाडीत बस आणि घरी जा. तिनं मनातल्या मनात वर्षभराचं काम सोडूनही दिलं, नंदिनीला क्रेशमधून काढूनही टाकलं, आणि दादांच्या घरी रविवारचे पोहेही करायला घेतले.

"चल, नोंद कर," ओर्ला म्हणाली.

"कशाची?"

"याची. हाही एक थरच आहे. सगळ्यांत वरचा. आपण खड्ड्यात जे आहे ते लिहितो, आपल्याला आवडतं तेवढंच लिहीत नाही. मोजपट्टी ठेव, फोटो काढ, माझ्या कॅमेऱ्यावर. चित्र काढ. मग एकेक उचल."

आणि मग ती सकाळ मुक्तानं जन्मात कधी काढली नव्हती अशी काढली. स्वस्तिकाशेजारी लाल-पांढरी मोजपट्टी ठेवली. तांदूळ कुठं, फुलं कुठं, हे आलेखाच्या कागदावर बिंदूबिंदूनं उतरवलं. दादांच्या उजव्या पायाची लांबी मोजली, अंगठा बाहेरच्या बाजूला वळलेला, अशी नोंद केली. तूप कुठवर झिरपलंय हे बघायला बाजूची माती कापून पाहिली. उदबत्त्या चिमट्यानं काढून एका पिशवीत, नारळ दुसरीत. दोन्हींवर चिठ्ठी. शोधनिबंधाला जेवढं डोकं लावलं नव्हतं तेवढं तिनं त्या होमाला लावलं, आणि प्रत्येक ओळीला तिला अधिकाधिक हलकं वाटत गेलं.

कोळशाचा प्रश्न तेवढा उरला. पण उभा ठेवलेला अर्धा भाग अजून उभाच होता. तुपाचे ओघळ त्याच्या तोंडावरच होते, पोटात गेले नव्हते. दोघींनी मिळून भिंत हातभर मागं कापली, पार पलीकडच्या टोकाला गेल्या, आणि तिथं वरून एकेक थर काढत तळाशी पोचल्या. रेघ तिथंही होती, काळी, कोरडी, कुणाच्याही श्रद्धेचा स्पर्श न झालेली. ओर्लानं चिमटा मुक्ताच्या हातात दिला. मुक्तानं श्वास धरून एक तुकडा उचलला, मग आणखी एक.

पिशवी बंद झाल्यावर ओर्ला म्हणाली, "मला हे वर कळवावं लागेल. बांधकामवाल्यांना, आणि परवाना देणाऱ्यांनाही. कुंपण ओलांडून आत आलेत. नाव लागेल."

मुक्ताला गुडघ्यावर सारंगचा हात जाणवला, तो पंधरा-वीस किलोमीटरवर होता तरी. तिनं गुडघा झटकला. नाव सांगितलं, आडनावासकट, एकेक अक्षर सावकाश.

"आणि फोन," ओर्ला म्हणाली. मुक्तानं खिशातला फोन काढून पुढं धरला. "फोन उद्यापासून गाडीत. क्रेशला माझा नंबर दे. पुढच्या साइटवरही तोच चालेल."

पुढच्या साइटवर! मुक्तानं मान हलवली. बोलायला गेली असती तर रडली असती, आणि मास्कमध्ये रडलं की फार ओलं होतं.

संध्याकाळी ती नंदिनीला वरणभात भरवत होती. सारंग समोर बसून तोंड पाडून टोस्ट खात होता. नाव दिलंय, हे तिनं आल्या आल्या सांगितलं होतं, आणि तो दोनदा "तू वेडी आहेस का?" म्हणून झाला होता. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. दादा. सारंगनं घाबरून स्पीकरच लावला.

"सारंग, मुक्ता आहे का? दे, दे. मुक्ता! काल दर्शन घेऊन आलो बरं का. काय ऊर्जा आहे त्या जागेत! अगं, तुझ्यासाठी प्रसाद ठेवला होता, नारळाची वाटी. मिळाला ना?"

सारंगनं दोन्ही हात जोडून मुक्ताकडं पाहिलं. मुक्तानं नंदिनीच्या तोंडाला लागलेलं वरण पुसलं.

"मिळाला, दादा," ती म्हणाली. "पिशवीत भरून चिठ्ठी लावून ठेवलाय. तुम्ही ज्यात तूप ओतलंत ना, ते कुणाचं तरी पाणी तापवायचं डबकं होतं. यज्ञकुंड नव्हतं. शनिवारीही नव्हतं, आजही नाही. आम्ही तुमची पूजा 'अलीकडची ढवळाढवळ' म्हणून अहवालात लिहिली आहे. तुमच्या पायाच्या ठशांसकट. आणि कुंपण ओलांडल्याबद्दल तुम्हाला पत्र येईल."

पलीकडं शांतता पसरली. ओंगारला आल्यापासून दादांच्या बाजूनं एवढी लांब शांतता मुक्तानं ऐकली नव्हती. सारंगच्या हातातला टोस्ट मोडला.

"इट्स हर्शदादा," नंदिनीनं आयरिश सुरात सगळ्यांना कळवलं.

"अहवालात म्हणजे," दादांचा आवाज आला, जरा घोगरा झालेला, "सरकारी अहवालात?"

"हो."

"कायमचा राहतो तो?"

"कायमचा."

"मग माझं नाव नीट लिहिलंय ना त्यांनी? हे लोक फार घोळ घालतात."

मुक्तानं सारंगकडं पाहिलं, मग फोनकडं. "नीट लिहिलंय, दादा," ती म्हणाली. "मीच सांगितलं."